कानाच्या टोकाएवढा संशय

टुंगा शेतावरच्या हाल्लाबद्दल आमच्या खोऱ्यात कुणी चांगलं बोलत नसे, आणि वाईट बोलायला कुणाला जागा सापडत नसे. बाई एकटी राहायची. बापामागे शेत तिनेच चालवलं. मेंढ्या, दोन घोडी, एक कुत्री. आलेल्या माणसाला कडक कॉफी द्यायची आणि ती संपेपर्यंत दोन वाक्यं बोलायची. तिसरं वाक्य हवं असेल तर पाहुण्याने फावडं उचलावं, असा तिचा रिवाज.

मी रस्त्याच्या कामावर होतो. उन्हाळ्यात खडी, हिवाळ्यात बर्फ. माणूस फावडं कसं धरतो त्यावरून मी त्याला ओळखतो, आणि त्या मापाने हाल्ला खोऱ्यातल्या बहुतेक पुरुषांच्या वर होती. पण तिचं नाव होतं ते तिच्या बोटांमुळे.

शरदात डोंगरावरच्या मेंढ्या खाली उतरवल्या की सगळ्या शेतांच्या मेंढ्या एकाच गोल कोंडवाड्यात येतात आणि कानावरच्या खुणेप्रमाणे वाटल्या जातात. तेव्हा कानात प्लॅस्टिकचे बिल्ले नव्हते. कोकरू असताना सुरीने कान कातरायचा, तीच मालकी. कुणाची खाच, कुणाचं भोक, कुणाचं टोक उडवलेलं. पुरुष कान उजेडाकडे धरून बघत. हाल्ला बघत नसे. मेंढी गुडघ्यांत धरायची, दोन्ही कान बोटांतून सरकवायची, नजर भलतीकडेच, आणि शेताचं नाव घ्यायची. "नेस." "होल." "माझी." वाद झाला की मेंढी तिच्याकडे नेत. ती बोलली की वाद मिटला.

नेस हे तिच्या शेजारचं शेत. मध्ये एक ओढा. तिथला एगर्ट म्हणजे तिच्या आज्याच्या थोरल्या भावाचा नातू. दोन्ही शेतं आधी एकच होती. वाटणी झाली तेव्हा धाकट्याने आमच्याकडच्या चालीप्रमाणे बापाचीच खूण घेतली आणि तीत एक काप वाढवला. त्यामुळे एगर्टच्या मेंढीच्या डाव्या कानाला मागून खाच आणि उजवा कान अख्खा. हाल्लाच्या मेंढीच्या डाव्या कानाला तीच खाच, आणि उजव्याचं टोक सरळ कापलेलं. म्हणजे नेसची मेंढी टुंग्याची करायला सुरीचा एक काप पुरे. हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे इतकंच.

त्या वर्षी मेंढ्या उतरवायच्या आधीच हिमवादळ आलं. तीन दिवस माणूस दाराबाहेर पडू शकला नाही. मेंढ्या डोंगरावरच होत्या. वादळ थांबल्यावर सगळं खोरं लांब काठ्या घेऊन वर चढलं. बर्फात काठी खुपसायची. खाली जमीन असेल तर ती टणक लागते. मेंढी असेल तर काठी दबते आणि किंचित परत येते. मग खणायचं. बहुतेक मेंढ्या मेलेल्या निघाल्या. काही जिवंत निघाल्या, कारण बर्फाखाली श्वासाने पोकळी होते आणि भुकेली मेंढी शेजारणीची लोकर खाऊन तग धरते.

सरकारने मदत जाहीर केली. मेलेल्या मेंढीमागे ठरावीक रक्कम, पण दोन पंचांनी तिचे दोन्ही कान पाहिले असले तरच. पहिला पंच गावप्रमुख तोर्फी, होल शेताचा. दुसरा मी.

"तुझी एकही मेंढी नाही ग्रीमुर, म्हणजे तू निःपक्षपाती," तोर्फी म्हणाला.

"कुणी तयार नाही असं सरळ सांग ना."

"तेही आहेच."

सहकारी संस्थेच्या लोकरीच्या वखारीत आम्ही बसायचो. लोक तारेत ओवलेले कान आणायचे, जोडी जोडीने. आम्ही बघायचो, तोर्फी लिहायचा, आणि कान खड्ड्यात जायचे. वखारीत लोकरीचा आणि त्या कानांचा मिळून जो वास होता तो अंगरख्यातून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेला नाही. माणसं एकमेकांच्या तारांकडे बघत. ह्याच्या इतक्या मेल्या? ह्याच्या तर डोंगरावर इतक्या नव्हत्याच. तोंडाने मात्र हवापाण्याचं बोलत.

एगर्टची तार सगळ्यांत आखूड होती. त्याच्या निम्म्याहून जास्त मेंढ्या ना मेलेल्या सापडल्या ना जिवंत.

"कान नाहीत तर मदत नाही," तोर्फी म्हणाला. "नियम मी केला नाही."

"मेंढ्या काय उडून गेल्या?"

"तेच मी विचारतोय तुला."

"मला कशाला विचारतोस? ज्यांची तार लांब आहे त्यांना विचार," एगर्ट म्हणाला आणि निघून गेला.

तोवर हाल्लाची तार आलीच नव्हती. बाकीच्यांनी शोध थांबवला, तरी ती रोज वर जात होती. ऑक्टोबर अर्धा सरल्यावर, मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती पोतं घेऊन आली. काळ्या घळीत सापडल्या, म्हणाली. बऱ्याच मेलेल्या, थोड्या जिवंत. जिवंत घरी नेल्या.

"सगळ्या तुझ्याच?" तोर्फीने विचारलं.

"माझ्या बोटांना तरी तसंच लागलं."

काळी घळ नेसच्या बाजूला आहे. मी तोर्फीकडे पाहिलं. तो लिहीत होता.

मी जोड्या हातात घ्यायला लागलो. खाच बरोबर. उजवं टोक उडालेलं, बरोबर. मग मी कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कोकराचा कान कातरला की जखम भरते आणि कडेवर केस येतात. कड मऊ लागते. काही जोड्यांची कड तशीच होती. काहींची नव्हती. ती काळपट, उघडी, खपली धरल्यासारखी कडक होती. जुना काप नव्हता. मेल्यावर केलेलाही नव्हता, कारण मेलेल्याला खपली धरत नाही.

हाल्ला गेल्यावर मी तोर्फीला दाखवलं.

"महिनाभर बर्फात होत्या त्या," तो म्हणाला. "कान बिघडणारच."

"बिघडला तर सगळा बिघडेल. फक्त कापलेली कडच?"

"तुला काय म्हणायचंय ते बोल."

"घळीत जिवंत सापडल्या. टोकं उडवली. मग त्या मेल्या किंवा मारल्या."

तोर्फीने लेखणी खाली ठेवली. "हे फौजदाराच्या कानावर गेलं तर तिची खूण रद्द होईल. खूण गेली की मेंढ्यांना डोंगर बंद. डोंगर बंद म्हणजे टुंगा बंद. कळतंय ना?"

"म्हणूनच सही करत नाही."

"म्हणूनच कर असं म्हणतोय मी."

मी केली नाही. दुसरी सही नाही म्हणून हाल्लाचा पंचनामा तसाच राहिला. का राहिला हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठवड्यात सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

दुकानात एगर्ट वाळका मासा आणि लोणी घेत होता. हाल्ला आत आली, मीठ मागितलं. दुकान चालवणारी सोलवेग मीठ काढायला मागे गेली.

"मीठ?" एगर्ट म्हणाला. "मटण खारवायला घेतलंस का बाई? कुणाचं?"

"खायला येणार आहेस का?"

"माझंच असेल तर येईन की."

"तुझं असतं तर एव्हाना चार जणांना सांगून झालं असतं तुझं." तिने पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना थांबली. "तू सही करत नाहीस."

"नाही."

"ठीक आहे," म्हणाली आणि गेली. हेच मला खटकलं. ज्याच्या मनात काही नसतं तो माणूस चिडतो. तिने कारणसुद्धा विचारलं नाही.

रविवारी मी काळ्या घळीत गेलो. खणलेली जागा अजून दिसत होती. लोक वरून खणतात, मग छत कोसळतं आणि खालची मेंढी गुदमरते. हाल्लाने घळीच्या तोंडाकडून, खालून वर भुयार काढलं होतं. कडा उभ्या, छताला फळ्यांचे टेकू, काढलेला बर्फ वाऱ्याच्या उलट बाजूला रचलेला. एकट्या माणसाचं ते काम दोन आठवड्यांचं होतं. चोरी करणारा इतकं खणत नाही, असं मला आधी वाटलं. मग वाटलं, इतकं खणून हाती दुसऱ्याची मेंढी लागली तर कुणालाही सुरी काढावीशी वाटेल.

आत एका बाजूला बर्फाची भिंत गोठून काच झाली होती. तिच्यावर लोकर चिकटलेली होती, एका ओळीत, मेंढीच्या उंचीवर. मेंढ्या एकीला एक लागून, उजवी कूस भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यावेळी मी त्याचा फार विचार केला नाही.

तिथून टुंग्याला गेलो. तिने कॉफी दिली, राय धान्याचा काळा पाव आणि थंड मटण दिलं. माझ्या वाट्याची दोन वाक्यं झाली. मग मी म्हणालो, "घळीतल्या मेंढ्या बघू दे."

"नको."

"का?"

"घाबरलेल्या आहेत."

आमच्याकडे एखाद्याच्या घरात तुम्ही जोडे काढल्याशिवाय जाणार नाही, पण त्याच्या मेंढ्यांच्या गोठ्यात न विचारता जाल. कुणी कुणाला अडवत नाही. अडवलं म्हणजे काहीतरी आहे. गोठ्याची खिडकी तिने आतून गोणपाटाने झाकली होती.

"हाल्ला, मी नाही आलो तर फौजदार येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "तो येईपर्यंत मला वेळ तरी मिळेल."

"कशाला वेळ?"

ती उठून भांडी घासायला लागली.

मी तिथून सरळ होलला गेलो आणि तोर्फीला सांगितलं की ती गोठ्यात काहीतरी करतेय. तोर्फीलाही आता गप्प बसता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. वाटेत एगर्ट भेटला, म्हणजे तो वाटच बघत होता.

"मीही येतो. माझ्या असतील तर त्या मला ओळखतील."

"तू मेंढ्यांना ओळखतोस की मेंढ्या तुला?" तोर्फी म्हणाला. पण त्याला येऊ दिलं.

हाल्ला दारात उभी होती. तिघांना बघून बाजूला झाली. बहुधा तिला रोजच कुणीतरी येईलसं वाटत असावं. गोठ्यात तिने स्वतःच खिडकीवरचं गोणपाट काढलं. कोपऱ्यातल्या कप्प्यात सात-आठ मेंढ्या होत्या. हाडांचे सापळे, पाठीवरची लोकर एकमेकींनी खाल्लेली. पण उघड्या कातडीला चरबी चोळलेल्या, कोरड्या गवतावर उभ्या. इतकी निगा आजारी माणसालाही मिळत नाही.

"धर एक," ती मला म्हणाली. "कान बघ. उजवा."

मी एकीला गुडघ्यांत घेतलं. उजव्या कानाचं टोक काळं, चामड्यासारखं वाळून आत वळलेलं होतं, नुसतं चाचपलं तर कापलेलंच वाटावं. मी बोटांत धरलं आणि जरा वाकवलं. ते माझ्या हातात आलं. मेंढीला कळलंसुद्धा नाही. खाली जी कड उरली ती काळपट, उघडी, कडक. वखारीत माझ्या अंगठ्याखाली लागली होती अगदी तशी.

घळीतली बर्फाची भिंत मला आता आठवली, उजवा कान तिलाच टेकलेला असणार. मी ते टोक तोर्फीच्या तळहातावर ठेवलं.

"हिमबाधा," तोर्फी म्हणाला.

"दर दोन दिवसांनी एकीचं गळतं," हाल्ला म्हणाली. "परवा एकीचा डावाही गेला. आता तिच्या कानावर जी खूण आहे ती खोऱ्यात कुणाचीच नाही. तेव्हा मला कळलं."

"काय कळलं?" एगर्टने विचारलं.

"की घळीत मी हात लावला तेव्हा टोकं आधीच गळलेली होती. सगळ्यांची नाही. काहींची. मला वाटलं माझ्याच." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "पोत्यात तुझ्याही आहेत. किती ते माहीत नाही."

"माहीत नाही? तुला?"

"नाही."

"डोळे मिटून सगळ्या खोऱ्याच्या मेंढ्या वाटणारी बाई, आणि हिला माहीत नाही." एगर्ट माझ्याकडे बघून म्हणाला आणि मग तिच्याकडे वळला. "आणि हे आज कळतंय. तिघं दारात आल्यावर. परवा कळलं तर परवा का नाही आलीस?"

हाच प्रश्न माझाही होता.

"कारण तू जे आत्ता बोललास तेच बोलला असतास," ती म्हणाली. "सगळ्यांची टोकं गळायची ती गळू देत, मग काय उरतं ते बघावं, म्हणून थांबले होते."

तिनेच मार्ग सुचवला. मेंढी ज्या कुरणात वाढली तिकडे सोडली की आपोआप जाते. वसंतात गवत आलं की या मेंढ्या ओढ्याच्या वर, दोन्ही शेतांच्या मध्ये सोडायच्या. जी जिकडे जाईल ती त्याची.

"अरे वा," एगर्ट म्हणाला. "हिवाळाभर तुझं गवत खातील आणि वसंतात माझ्याकडे येतील होय?"

"मग तू घेऊन जा. तुझ्या गोठ्यात ठेव."

एगर्टला ते अपेक्षित नव्हतं.

"नेसच्या गोठ्यात ठेवून मग त्या नेसला गेल्या, तर त्याला काय अर्थ?" तोर्फी म्हणाला. "माझ्याकडे राहतील. होलला. गवत दोघांनी पाठवा."

तो हिवाळा मी विसरणार नाही. एगर्ट दर रविवारी होलला कॉफी प्यायला जायचा आणि जाता जाता गोठ्यात डोकवायचा. कधी खिशातून काळ्या पावाचे तुकडे काढून मेंढ्यांना चारायचा. तोर्फीची बायको म्हणाली, हा त्यांना आपलंसं करतोय. हाल्ला एकदाही आली नाही. गवत मात्र तिच्याकडून पहिल्या कापणीचं आलं, बारीक, हिरवं. एगर्टचं पावसात भिजलेलं होतं. त्यावरूनही बोलणं झालं. तिने चांगलं गवत का पाठवलं, आणि ती येत का नाही. तिला निकाल आधीच माहीत आहे, असं काहींचं मत. मला वाटायचं, एवढी खात्री असलेल्या माणसाला झोप लागत असणार. पण मी पहाटे बर्फ सारायला जायचो तेव्हा टुंग्याच्या स्वयंपाकघरात दिवा असायचा.

मे संपताना मेंढ्या सोडल्या. अर्धं खोरं ओढ्याच्या वर जमलं होतं. हसणं-बोलणं होतं, थर्मासातली कॉफी होती. कुणीतरी एगर्टला म्हणालं, "खिशात पाव नाही ना रे आज?" त्याने खिसे उलटे करून दाखवले. हाल्ला एका दगडावर एकटी बसली होती. कुत्रीला तिने घरी ठेवलं होतं.

तोर्फीने फाटक काढलं. मेंढ्या बाहेर आल्या आणि तिथेच चरायला लागल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. लोक कंटाळून खाली बसले. मग एक म्हातारी मेंढी मान वर करून निघाली, थेट ओढ्याच्या पलीकडे, नेसच्या उताराला. तिच्यामागे आणखी एक. दोन टुंग्याकडे वळल्या, त्याही न थांबता. बाकीच्या एकेक करत नेसला गेल्या. दोन्ही कान गळलेली सुद्धा.

एगर्ट जिंकला होता, पण त्याचं तोंड तसं नव्हतं. "म्हणजे बहुतेक माझ्याच होत्या," तो म्हणाला.

"हो," हाल्ला म्हणाली.

"मग पोत्यातल्या?"

"त्या आता चालून दाखवू शकत नाहीत. सगळ्या तुझ्या नावावर घाल."

"सगळ्या कशा? काही तुझ्या असतीलच."

"असतील. घाल तू."

फुकट मिळालेलं एगर्टला घेता येईना. मग लोक त्याच्याकडे बघणार होते.

पोतं मी खड्ड्यात जाऊ दिलं नव्हतं. मिठात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वखारीत मी प्रत्येक जोडी पुन्हा हातात घेतली. कडेवर केस, ती टुंगा. कड उघडी, ती नेस. तोर्फी माझ्यामागून लिहीत गेला. एका जोडीशी थांबलो. कड उघडी होती, काळपट होती, पण सरळ होती. पट्टीने आखल्यासारखी. थंडीने गळलेलं टोक वेडंवाकडं गळतं. बाकीची सगळी तशीच होती. ही एकच नव्हती.

"काय झालं?" तोर्फीने विचारलं.

"ही बघ."

त्याने बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. "कड उघडी आहे ना? मग नेस. पुढची दे."

मी ती नेसच्या ढिगात टाकली आणि दोन्ही पंचनाम्यांवर सही केली. उन्हाळ्यात दोघांना मदत मिळाली. फौजदारापर्यंत काही गेलं नाही.

हाल्लाने गावसभेकडे अर्ज केला की तिला खूण बदलून हवी. उजवं टोक सोडून बुडाशी भोक, म्हणजे थंडीला करता येणार नाही अशी. सभेत एगर्ट विरोधात उभा राहिला, हे कुणालाच वाटलं नव्हतं. "जुनी ठेव. आता बदललीस तर लोक म्हणतील काहीतरी होतंच," तो म्हणाला. ती म्हणाली, "लोक बोलायचे थांबलेत कधी?" आणि खूण बदलली.

जूनमध्ये कोकरांचे कान करायला तिने मला बोलावलं. एकट्याने होत नाही ते काम. एकाने कोकरू छातीशी धरायचं, दुसऱ्याने कातरायचं. मी धरत होतो. तिचा हात पूर्वीसारखाच जलद होता. भोक पाडायचा चिमटा नवा होता, पण डाव्या कानाची खाच ती अजून बापाच्या सुरीने करायची. बरीच कोकरं झाल्यावर मी म्हणालो, "पोत्यात एक जोडी होती. कड सरळ होती तिची."

ती सुरी गवताला पुसत होती. पुसणं थांबलं नाही.

"सही केलीस ना तू?"

"केली."

"मग पुढचं कोकरू धर."

मी धरलं.